एका हंगामात साठाला टेकलेला पिचर : ओल्ड हॉस रॅडबर्न

पारनेरकर
बेसबॉलवर मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, आणि लिहिलंच तर गाडी बेब रूथवर सुरू होऊन तिथेच संपते. मला त्याच्या बऱ्याच आधीच्या माणसाबद्दल लिहायचंय. चार्ल्स रॅडबर्न, पिचर (समोरच्या बॅटरला चेंडू टाकणारा), टोपणनाव ‘ओल्ड हॉस’, म्हणजे कामाला जुंपलेला म्हातारा घोडा. हे नाव त्याला का पडलं ते १८८४ च्या आकड्यांवरून कळतं: ७३ सामने त्याने सुरुवातीपासून टाकले आणि ७३ च्या ७३ शेवटपर्यंत टाकले. एकूण ६७८ इनिंगच्या वर (एका सामन्यात साधारण नऊ). ४४१ स्ट्राइकआउट (बॅटरला चेंडू मारू न देताच बाद करणं). क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी १.३८. विजय ५९, पराभव १२. आजचा चांगला पिचर वर्षात तीसेक सामने सुरू करतो आणि त्यातले दोन जरी स्वतः संपवले तरी बातमी होते.

जन्म ११ डिसेंबर १८५४, न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरचा. वाढला मात्र इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनमध्ये. बाप इंग्लंडहून आलेला खाटीक. पोरगाही काही काळ त्याच धंद्यात होता, मग रेल्वेत ब्रेक्समन. अंगाने काही राक्षस नव्हे, उंची जेमतेम पावणेसहा फूट. १८८० मध्ये बफलो संघाने त्याला घेतलं, तेही पिचर म्हणून नाही. सहा सामन्यांत खांदा धरला आणि संघाने नारळ दिला. पुढच्या वर्षी नॅशनल लीगमधल्या प्रॉव्हिडन्स ग्रेज या संघात आला आणि तिथून खरी कारकीर्द सुरू झाली. १८८१ ला २५ विजय, १८८२ ला ३३, १८८३ ला ४८.

आता १८८४. प्रॉव्हिडन्सकडे दोन पिचर होते, रॅडबर्न आणि विशीतला चार्ली स्वीनी. स्वीनीने ७ जूनला बोस्टनच्या १९ जणांना स्ट्राइकआउट केलं. नऊ इनिंगच्या सामन्यातला हा विक्रम मोडायला १९८६ उजाडावं लागलं, रॉजर क्लेमन्सने २० केले तेव्हा. साहजिकच सगळं कौतुक स्वीनीकडे गेलं आणि म्हातारा घोडा (वय वर्षं २९!) फुरंगटला. १६ जुलैला बोस्टनविरुद्ध त्याचं पंचांशी आणि स्वतःच्याच संघाशी बिनसलं. चेंडू वेडेवाकडे फेकले, सामना गेला. मुद्दाम हरवल्याचा आरोप ठेवून संघाने त्याला निलंबित केलं, पगार बंद.

आठवडाही झाला नाही तोवर २२ जुलैला स्वीनी दारू पिऊन मैदानात आला. प्रॉव्हिडन्स आघाडीवर होतं. मॅनेजर फ्रँक बॅनक्रॉफ्टने त्याला सांगितलं, आता तू राइट फील्डला (मैदानाच्या उजव्या टोकाला क्षेत्ररक्षणाला) जा, तिथला मिलर चेंडू टाकेल. स्वीनीने नकार दिला, कपडे बदलले आणि मैदान सोडून चालता झाला. त्या काळी जखमी झाल्याशिवाय बदली खेळाडू घेता येत नसे, त्यामुळे ग्रेज आठ जणांनी खेळले आणि फिलाडेल्फियाकडून १०-६ हरले.

संघाचे मालक बसले ते संघच मोडीत काढावा का यावर बोलायला. आणि इथे रॅडबर्नने त्याचा आयुष्यातला सर्वात चांगला चेंडू टाकला असं माझं मत आहे. उरलेला हंगाम मी एकटा टाकतो, पण पगार वाढवा, आणि हंगाम संपला की मला मोकळं करा. मालकांसमोर दुसरा मार्गच नव्हता, त्यांनी मान्य केलं.

२३ जुलै ते २४ सप्टेंबर या काळात प्रॉव्हिडन्सचे ४३ सामने झाले. त्यातले ४० रॅडबर्नने सुरू केले, ३६ जिंकले. अजिंक्यपद बोस्टनला साडेदहा सामन्यांनी मागे टाकून घेतलं. नंतर ऑक्टोबरमध्ये प्रतिस्पर्धी लीगच्या विजेत्या न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्सशी तीन दिवसांत तीन सामने, तिन्ही रॅडबर्नने टाकले, तिन्ही जिंकले.

लोक याला निष्ठेची, जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात. मला ती सौद्याची गोष्ट वाटते. तुम्हाला काय वाटतं?

मीरा_पु
छान लिहिलंय. बेसबॉल शून्य कळतो म्हणून एक बाळबोध प्रश्न: ‘मोकळं करा’ म्हणजे काय? करार संपला की माणूस मोकळाच असतो ना?

पारनेरकर
बाळबोध अजिबात नाही, सगळी गोम तिथेच आहे. १८७९ मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी आपसांत ठरवलं की प्रत्येक संघाने पाच खेळाडू ‘राखून’ ठेवायचे. त्या पाचांना दुसऱ्या कुठल्याही संघाने हात लावायचा नाही. करार संपला तरी! पुढे ही संख्या पाचावरून अकरावर गेली, म्हणजे जवळजवळ अख्खा संघच. खेळाडूला पगार पटला नाही तर घरी बसायचं, दुसरीकडे जायची सोय नाही. रॅडबर्नने मागितलं ते या यादीतून नाव काढणं. पैशापेक्षा ही मागणी मोठी होती.

चिवट_फलंदाज
लेख आवडला पण आकड्यांचं एवढं अप्रूप नको. त्या काळी पिचर ५० फुटांवरून टाकत, आज साडेसाठ फुटांवरून टाकतात. एवढ्या जवळून आमच्या गल्लीतला बंड्यापण विकेटी काढेल. बॅटरला चेंडू न मारता चालत पहिला बेस (धावेच्या वाटेवरचा थांबा) मिळायला चार नव्हे सहा ‘बॉल’, म्हणजे ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेलेले चेंडू, लागायचे. पूर्ण खेळच पिचरच्या बाजूने झुकलेला.

पारनेरकर
@चिवट_फलंदाज, ५० फूट बरोबर, सहा बॉलही बरोबर. पण तराजूचं दुसरं पारडंही बघा. तेव्हा बॅटर आधीच सांगू शकत असे की मला उंच हवा की खाली, आणि पिचरने त्या पट्ट्यात टाकला नाही तर तो बॉल धरला जायचा. हा नियम १८८७ पर्यंत होता. क्रिकेटमध्ये फलंदाजाने ‘मला हाफ व्हॉलीच टाक’ असं सांगितल्यासारखं आहे हे. शिवाय क्षेत्ररक्षक जवळजवळ उघड्या हातांनी झेल घ्यायचे. प्रॉव्हिडन्सचा थर्ड बेसमन जेरी डेनी तर कारकीर्द संपेपर्यंत, म्हणजे १८९४ पर्यंत, ग्लोव्हशिवाय खेळला. रॅडबर्न स्वतःही ग्लोव्ह घालत नसे. परत आलेला सणसणीत फटका त्याच हाताने अडवायचा ज्या हाताने पुढचा चेंडू टाकायचा. चुका धो धो व्हायच्या आणि त्या चुकांनंतर पुन्हा बॅटर बाद करायला पिचरलाच चेंडू टाकावे लागायचे.

आणि हे सगळ्यांनाच लागू होतं. पन्नास फूट सर्वांनाच होते, पण त्या हंगामात ५९ विजय दुसऱ्या कुणाला मिळाले नाहीत, तेव्हाही आणि नंतरही.

विदागार
आकड्यांवर थोडी भर. ५९ की ६० हा वाद जुना आहे. २८ जुलैला फिलाडेल्फियाविरुद्ध पहिली पाच इनिंग मिलरने टाकली आणि सहाव्यापासून रॅडबर्न आला. तेव्हाच्या स्कोअररने विजय रॅडबर्नच्या नावावर लावला. आजच्या नियमाने तो मिलरचा. त्यामुळे जुन्या पुस्तकांत ६०, नव्या यादीत ५९. १९०० नंतरचा विक्रम जॅक चेस्ब्रोचा, १९०४ मध्ये ४१. तिशी गाठणारा शेवटचा डेनी मक्लेन, १९६८ मध्ये ३१.

पण इनिंगचा विक्रम रॅडबर्नचा नाही हेही नोंदवा. १८७९ मध्ये सिनसिनाटीच्या विल व्हाइटने ६८० टाकल्या होत्या. स्ट्राइकआउटचाही नाही. १८८६ मध्ये मॅट किलरॉयने ५१३ केले. मग १८८४ च रॅडबर्नचं वर्ष म्हणून का गाजतं? कारण संघ जिंकला.

मीरा_पु
अजून एक बाळबोध: एकाच माणसाने रोज का टाकायचं? दोन-तीन पिचर ठेवायला काय हरकत होती?

विदागार
पैसा. त्या काळचे संघ बारा-चौदा खेळाडूंचे असत. दुसरा पिचर ठेवला तर त्याने इतर दिवशी आउटफील्डला उभं राहायचं. रॅडबर्नही उभा राहायचा. त्यावरून एक किस्सा: १७ ऑगस्ट १८८२, प्रॉव्हिडन्स विरुद्ध डेट्रॉइट. प्रॉव्हिडन्सकडून जॉन माँटगोमेरी वॉर्ड टाकत होता आणि त्याने १८ इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही. समोरच्याने १७ इनिंग तेच केलं. अठराव्या इनिंगमध्ये राइट फील्डला खेळणाऱ्या रॅडबर्नने होमरन (एका फटक्यात पूर्ण धाव) मारला आणि सामना १-० संपला. म्हणजे ज्या दिवशी सुट्टी होती त्या दिवशीही निकाल यानेच लावला.

डॉ_निशिगंधा
मी खांदा-कोपर हेच दिवसभर बघते (फिजिओ), म्हणून चार ओळी. वरून चेंडू फेकताना खांदा जितक्या वेगाने फिरतो तितक्या वेगाने माणसाच्या शरीरात फार थोड्या हालचाली होतात. फेकीपेक्षा फेकल्यानंतर हात थांबवणं स्नायूंना जास्त महागात पडतं. रोटेटर कफचे बारीक स्नायू ते ब्रेकचं काम करतात. त्यांना सूज येते, ती उतरायला दिवस लागतात, म्हणून आज दोन सामन्यांमध्ये पिचरला चार-पाच दिवस देतात.

नॅशनल लीगने खांद्यावरून फेकायला पूर्ण परवानगी दिली तीच १८८४ मध्ये, हे धाग्यात यायला हवं होतं. म्हणजे नवी, जास्त ताणाची फेक सर्रास होऊ लागली त्याच वर्षी हा माणूस दिवसाआड नव्हे, रोज टाकत होता.

रॅडबर्नबद्दल वाचलंय की त्या उन्हाळ्यात सकाळी त्याचा हात डोक्यापर्यंत जात नसे, केस विंचरता येत नसत. हे आमच्याकडे रोज दिसतं. पेशंट कंगव्याबद्दलच तक्रार करतो. फक्त आमचे पेशंट त्यानंतर दुपारी नऊ इनिंग टाकायला जात नाहीत.

पारनेरकर
फार छान भर, धन्यवाद. दिनक्रमाची वर्णनं आहेत ती अशी: सकाळी गरम पाण्याचे शेक, चोळणं, मग मैदानावर इतरांच्या आधी जायचं. आधी काही पावलांवरून हळूच फेकायचं, मग थोडं मागे सरकून, मग अजून मागे, असं करत हात मोकळा होईपर्यंत. हात सैल झाला की संघातल्या इतरांना कळायचं की आजचा सामना आपला.

खांद्यावरून फेकण्याबद्दल: रॅडबर्न नुसता वेगवाला नव्हता. कधी खालून, कधी बाजूने, कधी वरून. वळणारे चेंडू, वेग बदलून टाकलेले चेंडू. पिचरच्या चौकोनात तेव्हा एक-दोन पावलं उडी घेऊन येता येत असे, त्याचाही फायदा घ्यायचा. मला वाटतं तो टिकला तो यामुळे. एकाच तऱ्हेने ६७८ इनिंग टाकल्या असत्या तर ऑगस्टमध्येच खांदा गेला असता.

चिवट_फलंदाज
गंमत म्हणजे क्रिकेटने ओव्हरआर्म १८६४ ला कायदेशीर केलं. बेसबॉलवाले २० वर्षांनी जागे झाले. (आमचा खेळ पुढारलेला, एवढंच म्हणायचंय.)

एडिसनकर
न्यू जर्सीहून. इथे ऑफिसात लोकांना रॅडबर्न विजयांसाठी नाही, एका फोटोसाठी माहीत आहे. १८८६ मध्ये हंगामाच्या पहिल्या दिवशी न्यूयॉर्कला पोलो ग्राउंड्सवर बोस्टन आणि न्यूयॉर्क या दोन्ही संघांचा एकत्र फोटो काढला. सगळे दाढी-मिशा, टोप्या घालून गंभीर चेहऱ्याने. मागच्या रांगेत डावीकडे रॅडबर्न. नीट बघितलं की दिसतं, डाव्या हाताचं मधलं बोट कॅमेऱ्याकडे ताणून उभा आहे. तो इशारा टिपलेला जगातला सर्वात जुना ज्ञात फोटो हाच, असं मानतात. एका बेसबॉल कार्डावरही त्याने तेच केल्याचं दिसतं.

पारनेरकर
हाहा, हे मी मुद्दाम कुणीतरी आणेल म्हणून सोडलं होतं. प्रॉव्हिडन्सचा संघ १८८५ नंतर बंद पडला आणि रॅडबर्न बोस्टनला गेला, तिथला हा फोटो. बोट न्यूयॉर्कच्या खेळाडूंना होतं की कॅमेरावाल्याला हे प्रत्येकाने आपापलं ठरवावं.

अंबाबाईचा_भक्त
मालकांना होतं.

खडीसाखर
धागा उत्तम, पण ‘सौदा’ या मुद्द्याशी असहमत. सौदा करणारा माणूस दहा सामन्यांनंतर खांदा दुखतोय म्हणून बसला असता तर कोण काय करणार होतं? संघ तर मोडायलाच निघाला होता. ३६ विजय काही करारपत्राने टाकले नाहीत. मालकांनी निलंबित केलेला माणूस त्याच मालकांसाठी रोज हात फिरवतो याला आमच्याकडे तरी सौदा म्हणत नाहीत. आणि तुम्हीच लिहा, हंगाम संपल्यावर तो मोकळा होऊन गेला का? नाही. १८८५ मध्ये परत प्रॉव्हिडन्सकडूनच खेळला. मग मोकळीक कशाला मागितली?

पारनेरकर
मुद्दा तगडा आहे. पण मला वाटतं मोकळीक हातात असताना राहणं आणि पर्याय नाही म्हणून राहणं यात फरक आहे. त्या वर्षी युनियन असोसिएशन नावाची तिसरी लीग निघाली होती, सेंट लुइसच्या हेन्री लुकस या धनाढ्य माणसाची. ती राखीव यादी मानत नव्हती. स्वीनी इथून चालता झाला तो थेट लुकसच्या संघात. म्हणजे जुलैमध्ये रॅडबर्नलाही तिकडे जाता आलं असतं आणि हे मालकांना पक्कं ठाऊक होतं. सौद्यातली खरी ताकद ती होती. १८८५ मध्ये त्याने राहायचं ठरवलं ते स्वतःच्या अटीवर.

त्याच्या नावावर एक वाक्य सांगितलं जातं, शब्द नंतर कुणी घासूनपुसून दिलेत हे उघड आहे, आशय असा: पाच औंसाचा चेंडू दोन तास टाकून थकायचं? मी खाटीक होतो, पहाटे चारपासून रात्री आठपर्यंत पंचवीस पौंडांच्या हातोड्याने बैल पाडायचो, तेही याच्या दहाव्या हिश्श्याच्या पैशांत. यात निष्ठा शोधणाऱ्याला निष्ठा सापडत नाही, मजुरीचा हिशेब सापडतो. आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

खडीसाखर
मजुरीचा हिशेब मान्य. पण हिशेब करणारे खूप असतात, ४० सामने टाकणारा एकच. मी माझ्या मतावर ठाम.

मीरा_पु
स्वीनीचं पुढे काय झालं?

विदागार
वाईट. हात लवकरच गेला, १८८७ पर्यंत मोठ्या लीगमधून बाहेर. सॅन फ्रान्सिस्कोला परतला. १८९४ मध्ये तिथल्या एका दारूच्या गुत्त्यात भांडणात गोळी झाडून माणूस मारला आणि सदोष मनुष्यवधासाठी तुरुंगात गेला. १९०२ मध्ये क्षयाने वारला. १९ स्ट्राइकआउटचा तो दिवस आणि २२ जुलैचा दिवस यात दीड महिन्याचं अंतर आहे फक्त.

डॉ_निशिगंधा
आणि रॅडबर्नचा खांदा? १८८४ नंतर तो तसा उरलाच नसणार.

पारनेरकर
उरला नाही. तरी १८८५ ला २८ जिंकला. त्यानंतर बोस्टनला चार हंगाम चढउताराचे गेले. १८९० ला पुन्हा २७-१२ (विजय-पराभव). शेवटचं वर्ष १८९१, सिनसिनाटीकडून, पराभव विजयांपेक्षा जास्त. कारकिर्दीत ३०९ विजय धरतात.

मग ब्लूमिंग्टनला जाऊन त्याने बिलियर्डचा अड्डा आणि दारूचं दुकान चालवलं. शिकारीचा नाद होताच. १८९४ मध्ये बंदुकीच्या अपघातात डावा डोळा गेला, चेहऱ्यालाही इजा झाली. त्यानंतर दुकानाच्या मागच्या खोलीत बसून असायचा, लोकांसमोर यायला तयार नसे. सिफिलिसनेही पोखरलं होतं. ५ फेब्रुवारी १८९७ ला गेला, वय ४२. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, नाव लागलं १९३९ मध्ये.

एडिसनकर
कूपरस्टाउनला हॉल ऑफ फेममध्ये त्याचा फलक आहे, त्यावर ‘हंगामाचे शेवटचे २७ सामने टाकले, २६ जिंकले’ असं लिहिलंय. ते या धाग्यातल्या आकड्यांशी जुळत नाही.

विदागार
जुळणार नाही. २४ सप्टेंबरला अजिंक्यपद नक्की झालं, हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालला, आणि त्या उरलेल्या सामन्यांत इतरांनीही टाकलं. १९३९ मध्ये ज्यांनी मजकूर लिहिला त्यांनी ऐकीव आकडा कोरला. नावाचं स्पेलिंगही त्यांनी शेवटी एक अक्षर जोडून कोरलंय. ब्राँझवर कोरलं की खरं होतं असं लोकांना वाटतं, त्यामुळे २७-२६ अजून फिरतं.

अंबाबाईचा_भक्त
वर वॉर्डचा उल्लेख आला तो तोच का, ज्याने खेळाडूंची संघटना काढली?

पारनेरकर
तोच. प्रॉव्हिडन्समध्ये १८८१ आणि ८२ ला रॅडबर्नचा जोडीदार. १८८० मध्ये परफेक्ट गेम टाकला, एकही बॅटर बेसवर पोचला नाही. हात गेल्यावर शॉर्टस्टॉप (आतल्या फळीतला क्षेत्ररक्षक) झाला, मधल्या काळात कोलंबियातून कायद्याची पदवी घेतली. १८८५ मध्ये खेळाडूंची ब्रदरहुड काढली आणि १८९० मध्ये राखीव यादीच्या विरोधात खेळाडूंची स्वतःची लीग. रॅडबर्न लगेच तिच्यात गेला. वरचे २७-१२ हे तिथलेच, बोस्टनच्या संघाकडून, आणि तो संघ अजिंक्यही झाला. लीग मात्र एका हंगामात बंद पडली. भांडवलदारांनी एकेकाला गाठून तडजोड केली आणि राखीव यादी पुढे कितीतरी दशकं तशीच राहिली.

चिवट_फलंदाज
मग वॉर्डवर वेगळा धागा काढा. यात क्रिकेटवाले कमी भांडतील.

पारनेरकर
काढतो. भांडायला सगळ्यांना जागा आहे, वकील पिचर आहे तो.